तैसिसची टोपली आणि अप्पा फीबचं मौन

"ही टोपली तुझी आहे, हात्रे."

"माझी कुठली? तुझी."

"असा आठपदरी काठ माझ्या हातून कधी उतरलाय का? नीट बघ तरी."

"मग माझ्या हातून उतरलाय? माझी बोटं म्हणजे नांगराचे फाळ. तुला कौतुक नको असतं म्हणून तू नाही म्हणतोस, फीब. मला कळत नाही का?"

"कौतुक नको हे खरं. आणि टोपली माझी नाही हेही खरं."

"पुरे झाला नम्रपणा. नम्रपणाचाही गर्व असतो माणसाला."

"गर्वाचं तू मला सांगतोस? उपासाच्या दिवशी तीन खोप्यांत ऐकू जाईल असं पाणी पितोस, तू?"

बायांच्या धोंड्याच्या अलीकडे तैसिस पदर नाकापर्यंत ओढून उकिडवी बसली होती आणि पलीकडे हे चाललं होतं. तेमुई गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर हा धोंडा. त्याच्या पलीकडे ख्रिस्ती बैराग्यांचं वाळवंट, तिथे बाईनं पाऊल टाकायचं नाही. सुक्या पावांची पोती धोंड्यावर ठेवायची, मागे सरायचं, तोंड झाकून बसायचं. बैरागी येतात, पोती उचलतात, दर पंधरवड्याच्या विणलेल्या टोपल्या ठेवतात आणि जातात. मग टोपल्या गाढवावर बांधून बाजाराला न्यायच्या. सासऱ्याचा गुडघा गेला तेव्हापासून ही खेप सुनेकडे आली होती. सून अठरा वर्षांची, लग्नाला चार महिने झालेले, आणि ही तिची दुसरी खेप.

पहिल्याच बाजारात एका आठपदरी काठाच्या टोपलीवर गिऱ्हाईक असं भाळलं, की तशाच डझनभर हव्यात म्हणालं. म्हणून तैसिसनं ती टोपली नमुना म्हणून परत आणली, धोंड्यावर ठेवली, आणि बाईनं बोलायचं नसतं हे विसरून मोठ्यानं विचारलं, "अप्पा, ही कुणी विणली? तशाच आणखी पाहिजेत." एवढंच ती बोलली. पुढचं सगळं त्या दोघांनी केलं.

"म्हणजे मी खोटं बोलतो?" हात्रेचा आवाज चढला.

"मी तसं म्हटलं का? टोपली तुझी आहे आणि तू नाही म्हणतोस. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव."

"ठरवलं. खोटारडा तू."

शेवटी फीब म्हणाला, अगदी सावकाश, "बरं. यापुढे मी तुझ्याशी बोलणारच नाही. म्हणजे खोटं बोलायचा प्रश्नच मिटला."

पावांची पोती तिथेच सोडून दोघं दोन दिशांना गेले. तैसिसनं पदर बाजूला करून पाहिलं तर दोन पाठी लहान होत चालल्या होत्या. जग सोडून आलेली माणसं, तिच्या मनात आलं, आमच्या घाटावरच्या धोबिणी यांच्यापेक्षा लवकर समेट करतात.

घरी येऊन तिनं हे सासूला सांगितलं, हसत हसत. सासू सेनूफे जवसाचं तेल गाळत होती. ती हसली नाही. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "टोपली घेऊन गेली होतीस तिकडे? कुणाला विचारून?"

"का हो आत्याबाई?"

"अगं ती माझी आहे. मी विणलेली."

बैराग्यांच्या हातच्या टोपल्यांना बाजारात मान जास्त. त्यात धान्य ठेवलं तर कीड लागत नाही, असं बायका म्हणायच्या. म्हणून सेनूफे आपल्या चार टोपल्या त्यांच्यात गुपचूप मिसळून द्यायची. कीड कुणाच्याच टोपलीला विचारून येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

"म्हणजे ते दोघं खरंच बोलत होते," तैसिस म्हणाली.

"बोलू देत. आणि तू एक शब्द कुठे काढलास तर खेप जाईल, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. समजलं? बैराग्यांशी बोलायचं नाही. तोंड फारच शिवशिवलं तर गाढवाशी बोल."

तैसिसनं सासूचा हुकूम पाळला. गप्प राहायचाही आणि गाढवाशी बोलायचाही.

*

आता फीबचं असं झालं, की बैरागी सगळे एकमेकांचे भाऊ, आणि एकाच भावाशी अबोला धरणं हे पाप. शनिवारी सगळे बैरागी आपापल्या खोपीतून निघून प्रभूभोजनाला एकत्र जमायचे, आणि मनात अढी ठेवून त्या पंक्तीला बसायचं नाही असा नेम. फीबनं यातून वाट काढली. तो कुणाशीच बोलेना. सगळ्यांशी सारखं वागलं की अढी कसली? पहिल्या महिन्यात लोकांना वाटलं घसा बसलाय. कुणी मध पाठवला. सहाव्या महिन्यात वाटलं काही नवस असेल. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या तळ्याकाठचे बैरागी त्याला नुसतं बघायला येऊ लागले, आणि फीब खाली मान घालून दोर वळत बसायचा. लोक म्हणायचे, काय ही शांती.

हात्रेनं आपली खोपी मोडली आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला बांधली. बाकी सगळ्यांशी तो भरपूर बोलायचा. फीबचं नाव निघालं की म्हणायचा, "त्यानं आधी बोलावं, मग बघू." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ही दोघं तर जन्मभर पीळच घालत बसलेली माणसं.

वस्तीचा कोठारी अप्पा कोलूथ हुशार होता. त्यानं विचार केला, बाईच्या आसपास पाठवायला मुका माणूस सगळ्यांत बरा. तेव्हापासून टोपल्या घेऊन धोंड्यावर येण्याचं काम फीबकडे आलं. म्हणजे दर पंधरवड्याला धोंड्याच्या एका बाजूला फीब आणि दुसऱ्या बाजूला तैसिस. एक बोलत नाही, आणि दुसरीला बोलायची परवानगी नाही.

पण गाढवाशी बोलायला मनाई कुठे होती? तैसिस गाढवाला सांगायची, "ऐकलंस का रे, नदी यंदा पायरीच्या खालीच राहिली." सांगायची, "न्हाव्याची पोर पळून गेली, आणि पळवणाऱ्यालाच परत आणून सोडावी लागली, इतकी बडबडी." गाढव कान हलवायचं. पलीकडे टोपल्या लावणारे हात थोडे मंद व्हायचे. खेपेमागून खेपा गेल्या, तीन गाढवं मेली आणि चौथं आलं, तैसिसला तीन मुलं झाली, त्यांतलं एक राहिलं नाही, तेही तिनं गाढवालाच सांगितलं. त्या दिवशी पलीकडचे हात बराच वेळ हलले नव्हते.

चेहरा तिनं एकाही बैराग्याचा पाहिला नव्हता. पण टोपली हातात घेतली की तिला माणूस कळायचा. वीण घट्ट आवळलेली असेल तर कुणाशी तरी वाजलंय. तळ चांगला आणि काठ ढिला असेल तर काठ झोपेत विणलाय. कोलूथच्या टोपल्या तर डोळे मिटून ओळखाव्यात, कारण त्या उभ्याच राहायच्या नाहीत. या विद्येचा तिला फार अभिमान होता. "लोकांना अक्षर वाचता येतं, मला खजुरीची पात वाचता येते," ती म्हणायची, आणि लगेच पुस्ती जोडायची, "फक्त आपल्या घरातली टोपली तेवढी वेळेवर ओळखता आली नाही."

हे शेवटचं ती मनात म्हणायची.

कारण तो एक शब्द तिनं कधी काढला नाही. सासू होती तोवर सासूच्या धाकानं, आणि सासू गेल्यावर सासूच्या नावासाठी. नंतर मात्र ना धाक ना नाव, नुसती सवय. आणखी एक होतं. नदी आटली त्या वर्षी तैसिसनं स्वतः विणलेल्या दोन टोपल्या बैराग्यांच्या ढिगात सरकवल्या होत्या. दोन खेपा, मग सोडून दिलं. पण एकदा तो हात लागल्यावर सासूला चोर कुठल्या तोंडानं म्हणायचं? साऱ्या तेमुईत तिच्याइतकं बोलणारं माणूस नव्हतं. आणि मिठाची गुळणी धरण्यात ती फीबच्या बरोबरीची होती. त्याच्या गुळणीचं दर्शन घ्यायला लोक यायचे, एवढाच फरक.

*

बत्तिसाव्या वर्षी समुद्रापलीकडून एक लिहिणारा आला. नाव लिओन्त. गोरापान, नाकाची साल निघालेली, बरोबर मेणाच्या पाट्या आणि लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी. देश फिरून तो वाळवंटातल्या अप्पांच्या जीवनकथा गोळा करत होता. अशा पोथ्यांची तिकडे मोठी भूक, तो म्हणाला, शहरातले लोक त्या वाचतात आणि रडतात.

सगळ्यांत त्याला हवी होती मौनी अप्पा फीबची कथा. फीबसमोर तो चार दिवस बसून आला. फीब दोर वळत राहिला. लिओन्तच्या पाटीवर चार दिवसांत एकच ओळ पडली, 'त्याने दोर वळला.' बाकीच्या बैराग्यांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही त्याच्याशी बोलत नाही. मग कोलूथनं त्याला सांगितलं, "तेमुईत एक तैसिस आहे. बत्तीस वर्षं पाव आणते. तिला विचार. फक्त दुपारी लवकर जा, संध्याकाळपर्यंत संपेल."

तो आला तेव्हा तैसिस दारात मसूर निवडत होती. कुणी आपलं ऐकायला घरी आलंय आणि वर ते लिहून घेणार आहे, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. तिनं मसूर बाजूला सारला, धुतलेलं लुगडं नेसून आली, कांदा आणि खारवलेला मासा पुढे ठेवला आणि बसली. त्याची भाषा ग्रीक. तिचं ग्रीक बाजारातलं, भाव करण्यापुरतं, पण तिला अडचण अशी कधी वाटलीच नाही.

"अप्पा फीब कसे आहेत, आजी?"

"पाय मोठे आहेत," ती म्हणाली. "चेहरा मी पाहिलेला नाही. पण टोपलीवरून सांगते. माणूस चोख. वीण एकसारखी. तळाला कधी लबाडी नाही."

तळाला कधी लबाडी नाही, हे लिओन्तनं लिहून घेतलं. तैसिसला गुदगुल्या झाल्या. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला. फीब कसा उन्हात उभा राहतो, पोतं उचलण्याआधी कसा क्रूस करतो. थोडं पाहिलेलं, थोडं ऐकलेलं, थोडं तिथल्या तिथे सुचलेलं. चोरटी नजर टाकून ती बघायची की लेखणी चालतेय ना. थांबली की हिला कसंतरी व्हायचं, आणि ती आणखी काहीतरी सांगायची.

दोन दिवसांनी लिओन्त लिहिलेलं वाचून दाखवायला आला. "'एके दिवशी धोंड्याजवळ त्याच्यावर स्वर्गीय प्रकाश पडला,'" तो वाचत होता, "'आणि त्या प्रकाशात मानवी वाणी किती तुच्छ हे कळून त्याने आपले ओठ सदाचे मिटले. आपल्या एका भावाबरोबर तो तेव्हा देवाविषयी बोलत होता.'"

तैसिसला मासा घशात अडकल्यासारखा खोकला आला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"वस्तीत सगळे सांगतात. तुम्ही त्या दिवशी तिथे होतात ना?"

"होते."

"प्रकाश पाहिलात?"

"ऊन होतं," तैसिस म्हणाली. "पुष्कळ ऊन होतं."

तेही त्यानं लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, जरा लाजत, "यात मी कुठे आहे?"

त्यानं बोट ठेवलं. "'हे एका गरीब म्हातारीने सांगितले.'"

"म्हातारी कशाला लिहिलंस? गरीब पुरे होतं."

तो हसला. म्हणाला, साक्षीदार म्हणून खाली तुमच्या हातानं एक क्रूस काढा. तैसिसनं लेखणी अशी धरली जशी सुई धरतात, आणि क्रूस काढला. चांगला वळणदार आला. दिवसभर ती त्यावर खूश होती. आपण पोथीत गेलो. संध्याकाळी मसूर शिजत असताना तिला उमगलं की आपण देवाच्या नावानं खोटी साक्ष दिली. मसूर करपला.

"घ्या," ती घरच्यांना वाढताना म्हणाली. "पोथीतल्या बाईच्या हातचा आहे, निमूट खा."

*

पुढच्या खेपेला पोती ठेवून ती धोंड्याआड बसली, तर पलीकडून फीबच्या पावलांबरोबर आणखी एक पाऊल वाजलं. कोलूथ होता. त्यानं लांबूनच हाक दिली, "तैसिस, पुढच्या वेळी थोडे मऊ पाव आण. हात्रे अप्पाला सुका पाव भिजवूनही जात नाही. पुढची वेळ मिळाली तर, म्हणजे." आणि त्याला आणखी कुठे जायचं होतं, तो निघून गेला.

तैसिसनं टोपल्या चाळल्या. तीन खेपा हात्रेची वीण सैल पडत चालली होती, ते तिला दिसलं होतं. या वेळी त्याची टोपलीच नव्हती. पलीकडे फीब उभा होता. तो गेला नव्हता. नेहमी टोपल्या ठेवल्या की तो वळायचा.

तिला वाटलं, घरी जावं. खरं सांगायचं तर तिनं गाढवाचा दोर सोडलासुद्धा. बत्तीस वर्षं गिळलेलं आणखी थोडं गिळायला काय जातं? हात्रे तिकडे मरेल, फीबची पोथी होईल, आपला क्रूस त्याखाली राहील, कुणाला काही कळणार नाही. फक्त एक माणूस असा जाईल की शेवटपर्यंत त्याला वाटेल, माझ्या भावानं मला खोटारडं म्हटलं. आणि दुसरा हेच मनात धरून मागे राहील. तिचे गुडघे तिला उठू देईनात. ती पुढे नेहमी म्हणायची, त्या दिवशी मला देवाचं भय नव्हतं वाटलं, सांधेदुखी होती, म्हणून मी बसून राहिले.

मग ती गाढवाला म्हणाली, "ऐक रे. तुला एक सांगायचं राहिलंय. तुझ्या आधीच्या तिघांनाही सांगितलं नाही."

गाढवानं कान फिरवला.

"एक आठपदरी काठाची टोपली होती. एक बाई ती धोंड्यावर घेऊन आली आणि विचारलं कुणाची. एक अप्पा म्हणाला माझी नाही. दुसरा म्हणाला माझी नाही. आणि दोघंही खरं बोलत होते. ती त्यांच्यातल्या कुणाचीच नव्हती. त्या बाईच्या सासूची होती. बाईला त्याच संध्याकाळी कळलं. तेव्हापासून ती मूग गिळून बसलीय. न्हाव्याच्या पोरीचं तिनं सांगितलं, नदीचं सांगितलं, हे तेवढं सांगितलं नाही. तर आता तूच सांग, या दोघांत मोठं गाढव कोण?"

पलीकडे काही हललं नाही. वाऱ्यानं पोत्याचं तोंड फडफडत होतं. तैसिसला वाटलं, ऐकलंच नाही की काय. म्हातारा झाला, कानही गेले असतील, आणि आपल्याला हे सगळं पुन्हा एकदा ओरडून सांगावं लागणार.

मग एक आवाज आला. गंजलेल्या बिजागरीसारखा. आधी नुसता खाकरला, मग पुन्हा खाकरला.

"कुणाची होती म्हणालीस?"

तैसिसनं पदर आणखी खाली ओढला. "सासूची."

"तुझ्या सासूची."

"हो अप्पा. सेनूफे तिचं नाव. गेली ती, वीस वर्षं झाली. तिची पापं मोजायची असतील तर माझ्याही दोन टोपल्या त्यात धरा."

फीब पुष्कळ वेळ गप्प होता. त्याला तशी सवयच होती. मग म्हणाला, "वीण मात्र चांगली होती."

"वीण चांगलीच होती तिची," तैसिस म्हणाली, आणि का कोण जाणे तिला रडू फुटलं. पण तिनं ते गाढवाच्या मानेत पुसलं. "अप्पा, त्याला भिजवलेला पावसुद्धा जात नाही म्हणे. तुम्ही जाता का त्याच्याकडे?"

"त्यानं आधी बोलायला हवं होतं," फीब म्हणाला.

आता मात्र तैसिसचा बांध फुटला. धोंडा, नेम, सासू, सगळं विसरून ती म्हणाली, "अप्पा, तो मेल्यावर आधी बोलणार आहे का? मी आज चार कोस पोती ओढत आले, पाठ मोडलीय, आणि बत्तीस वर्षांचं पाप तोंडातून काढून या गाढवापुढे टाकलं. त्याला काय करायचंय त्याचं? तुमच्यासाठी टाकलं. जा आता."

पावलांचा आवाज आला. आधी हळू, मग भरभर. तिनं न राहवून पदराच्या फटीतून बघितलं. पासष्टीचा म्हातारा दोन्ही हातांनी अंगरखा वर धरून वाळूतून पळत होता, आणि पाव धोंड्यावर तसेच पडले होते. पाय खरंच मोठे होते.

*

पुढचं तिला कोलूथनं सांगितलं, पंधरा दिवसांनी, धोंड्याच्या पलीकडून.

फीब हात्रेच्या दारात जाऊन उभा राहिला. हात्रे चटईवर पडून होता. फीब म्हणाला, "ती टोपली तुझी नव्हती."

हात्रे म्हणाला, "मी तेव्हापासून तेच सांगतोय."

"माझीही नव्हती."

हात्रेनं विचार केला. "मग दोघांनाही कौतुक नको होतं, असं आपण समजत होतो ते काय?"

"ते कौतुक सासूचं होतं," फीब म्हणाला, आणि सगळं सांगितलं. हात्रे इतका हसला की त्याला उठवून पाणी पाजावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं पुन्हा वाजलं, आधी क्षमा कुणी मागायची यावरून. कोलूथ म्हणाला, वस्तीत कुणाला झोप नाही, इतके बोलतात. त्या खेपेनंतर हात्रे आणखी एकोणीस दिवस जगला. मऊ पाव त्यानं खाल्ले, फीब ते बोटांनी कुसकरून द्यायचा. गेला तेव्हा फीबच त्याच्या उशाशी होता आणि काहीतरी लांबलचक सांगत होता. हात्रे मध्येच डोळे मिटून पडला, तेव्हा फीबला वाटलं, ऐकतोय.

त्यानंतर फीब बोलतच राहिला. आणि सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं निघालं नाही. लांबून लांबून यात्रेकरू यायचे, अप्पा, काही शब्द द्या म्हणायचे, आणि अप्पा म्हणायचा की मला मसूर मुळीच आवडत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. लोक हिरमुसून परत जायचे. तेमुईतला धर्मशाळेवाला तैसिसला वाटेत गाठून म्हणाला, "काय मिळवलंस, काकू? चांगला मुका होता."

"माझ्याइतका मुका नव्हता," तैसिस म्हणाली.

लिओन्तला गाठायला ती कबुलीच्या खेपेनंतर लगेच गेली होती. तो सामान बांधत होता. तिनं सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता, आणि म्हणाली, "माझा क्रूस खोडून टाक."

त्यानं सगळं ऐकलं. भला माणूस होता. मग डोकं खाजवून म्हणाला, "आजी, दोन संत एका टोपलीवरून रुसले, हे वाचून कुणाचं भलं होणार?"

"माझं झालं."

"तुम्हाला वाचता येत नाही."

"म्हणूनच तर तुझ्याकडे आले."

तो म्हणाला, बघतो. आणि जहाज गाठायला निघून गेला. त्यानं काय बघितलं ते सहा वर्षांनी कळलं. पोथी समुद्र ओलांडून परत आली आणि मेशीर महिन्यातल्या एका रविवारी तेमुईच्या चर्चमध्ये मोठ्यानं वाचली गेली. तैसिस बायकांत मागे बसली होती, मान उंच करून, कारण आपला उल्लेख येणार. पुजारी वाचत गेला. प्रकाश होता, दोर होता, बत्तीस वर्षं होती. "'आणि आपल्या भावाचा अंत जवळ आला असता,'" पुजारी वाचत होता, "'धोंड्याजवळ एक देवदूत अवतरला, आणि त्याने मधुर वाणीने फीबला त्याच्या भावाकडे पाठवले.'"

शेजारची परटीण तिच्या कानाशी लागली. तिला ती कथा तैसिसच्याच तोंडून शंभरदा ऐकून पाठ होती. "देवदूत," ती कुजबुजली. "मधुर वाणी."

"हसू नकोस," तैसिस म्हणाली. "पंखांना सांधेदुखी आहे माझ्या. आणि तीन दातांतून जेवढी मधुर निघते तेवढी निघाली." थोड्या वेळानं म्हणाली, "गाढवाचं काहीच नाही लिहिलं मेल्यानं."

बाहेर आल्यावर तिनं पुजाऱ्याला गाठून खरं काय ते सांगितलं. पुजारी म्हणाला, पोथीत आहे ते पोथीत आहे. मग तिनं विहिरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, नातवंडांना सांगितलं, टोपली विकत घेणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, ही वस्तीतली आहे, ही माझी आहे, ही सासूची नाही कारण सासू मेली. लोक ऐकायचे, हसायचे आणि देवदूतावरच विश्वास ठेवायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. सांगायचं होतं ते ज्याला सांगायचं त्याला वेळेत सांगून झालं होतं.

पोथी आली त्याच वर्षी फीब गेला. तैसिस त्यानंतर आणखी नऊ वर्षं पाव नेत होती. सुनेनं म्हणावं, आत्याबाई, आता मी जाते, आणि हिनं म्हणावं, तू गेलीस तर काहीतरी विचारून बसशील.

तिची शेवटची खेप पाओनी महिन्यातली, सुगी उरकल्यावरची. शेवटची आहे हे तिला माहीत नव्हतं, गाढवालाही नव्हतं. सकाळी तिनं पोती बांधली, एक गाठ सैल वाटली म्हणून पुन्हा सोडून बांधली. बाभळीपाशी गाढव नेहमीसारखं अडलं, आणि तिनं त्याला नेहमीच्या शिव्या दिल्या. धोंड्यावर पाव ठेवले, मऊ पावांची एक वेगळी पिशवी म्हाताऱ्या कोलूथसाठी ठेवली, मागे सरून पदर ओढून बसली आणि बसल्या बसल्या गाढवाला सांगितलं की परटिणीच्या धाकट्याचं लग्न ठरतंय, पण मुलगी त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे. पलीकडे कुणीतरी टोपल्या ठेवल्या आणि गेलं. तिनं एकेक टोपली हातात घेऊन पाहिली. एक उभी राहीना, तिला खाली घातलं. बाकीच्या वर रचल्या, दोर आवळला, आणि उन्हं कलायच्या आत घरी पोचायचं म्हणून निघाली.